नऊच्या नंबराची जीप

"उद्या सकाळी नऊच्या ठोक्याला गाडीत दहा माणसं बसलेली दिसली पायजेत," सिद्धोधनभाऊंनी बोटांवरचा खडू झटकत सांगितलं. "न्हाईतर परवापासून नऊचा नंबर किशनरावाचा. आता माजाबी नाविलाज हाय, आश्रुबा."

जिंतूरच्या स्टँडबाहेर लिंबाच्या झाडाखाली येलदरीकडे जाणाऱ्या जीपगाड्यांचा अड्डा होता. कोणती गाडी किती वाजता सुटणार, हे तिथं सिद्धोधनभाऊ ठरवत. शाळेत कारकून म्हणून जन्म काढून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी फळ्याच्या तुकड्यावर खडूनं गाड्यांचे नंबर लिही आणि त्यानं लिहिलेला आकडा पुसायची कुणाची छाती होत नसे. त्या सगळ्या आकड्यांत नऊचा नंबर म्हणजे कणसातला भरलेला दाणा. धरणावर कामाला जाणारे, शाळांवरचे शिक्षक, लेकीला भेटायला निघालेल्या बाया, सगळे नऊलाच निघत.

हा नंबर गेली अकरा वर्षं आश्रुबाचा होता. त्याची एकच जीप. मालक तोच, ड्रायव्हर तोच, पहाटे बादलीभर पाण्यानं तिला न्हाऊ घालणाराही तोच. पण एसटीच्या लाल गाडीत बायकांना अर्धं तिकीट लागू झालं आणि आधी बाया तिकडं गेल्या. अर्ध्या तिकिटाची बायको लाल गाडीत आणि पुऱ्या तिकिटाचा नवरा जीपमध्ये, असा संसार किती दिवस चालणार? महिन्याभरात नवरेही तिकडं गेले. उरलेसुरले लोक किशनरावानं उचलले. त्याच्याकडं पडदे लावलेल्या तीन नव्या मिनीबस होत्या आणि आता त्याला चौथी वस्तू हवी होती, नऊचा नंबर.

आश्रुबाकडं मात्र एक गोष्ट अशी होती, जी किशनरावाला विकत घेता येत नव्हती. ती म्हणजे सुलाबाई.

रिकाम्या गाडीत माणूस चढत नाही. चौघं बसलेली दिसली की पाचवा चढतो, पण पहिल्यांदा बसणार कोण? तर सुलाबाई. वय अठ्ठ्याहत्तर. स्टँडच्या मागच्याच गल्लीत घर. रोज आठ वाजता त्या धुवट लुगडं नेसून येत आणि जीपच्या मधल्या बाकावर, खिडकीशी, मांडीवर गाठोडं घेऊन बसत. पण नुसतं बसणं वेगळं आणि सुलाबाईंचं बसणं वेगळं. त्या रस्त्याकडं अशा बघत, की जणू रस्त्याच्या त्या टोकाला कुणी वाट बघत उभं आहे. मध्येच गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा आवळत, पदर खोचून घेत. ते पाहून जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटे, ही गाडी आता सुटलीच. तो लगबगीनं चढे. त्याच्या मागून दुसरा. आणि दहावा माणूस पायरीवर पाय ठेवी, तेव्हाच सुलाबाईंना आठवण होई.

"अगं माय, चुन्याची डबी ऱ्हायली की घरी. बस लेकरा, तू बस माज्या जागी."

कधी चुना, कधी चष्मा, कधी नातीचं औषध. चार वर्षांत एकच वस्तू त्या आठवड्यातून दोनदा विसरल्या नाहीत. चार वर्षांत जीप हजारदा येलदरीला गेली. सुलाबाई हजारदा चढल्या आणि लिंबाच्या सावलीपलीकडं कधी गेल्या नाहीत. ज्या वाटेला त्यांनी एवढी माणसं लावली, ती वाट त्यांच्या पायांना ठाऊक नव्हती.

भाऊंनी सांगितलेल्या त्या सकाळी आश्रुबा गाडी लावून छापखान्यात गेला. लाल गाडीसारखी आपणही तिकिटं द्यावीत, बायकांना अर्ध्याची गुलाबी आणि बाप्यांना पुऱ्याची पांढरी, असा बेत त्यानं केला होता. पुस्तकं घेऊन तो पावणेनऊला परतला आणि लांबूनच थबकला. जीप भरलेली होती.

मधल्या बाकावर सुलाबाई. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणि पुढं मिळून पाच बाया. मागं तीन गडी. ड्रायव्हरच्या शेजारी पेपर वाचत बसलेले दत्तोपंत, पोस्टातून निवृत्त झालेले. आश्रुबानं बोटांवर मोजलं. दहा. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात एक शिक्षक जोडपं आलं. आत डोकावून म्हणालं, "भरली वाटतं."

"भरली बगा, गुरुजी," आश्रुबानं हात जोडले. हे वाक्य त्याच्या तोंडून वर्षभरात निघालं नव्हतं. ते जोडपं लाल गाडीकडं गेलं. त्यांच्यामागून आलेले चौघंही तिकडंच गेले. आश्रुबा प्रत्येकाची माफी मागत होता आणि प्रत्येक माफीगणिक त्याची छाती इंचभर फुगत होती.

सुलाबाई मात्र गाडीतल्या एकेकाला न्याहाळत होत्या. काहीतरी चुकत होतं. खरा प्रवासी बूड टेकायच्या आधी विचारतो, कधी सुटणार? दहा मिनिटं झाली तरी आज कुणी ते विचारलं नव्हतं. पाच बायांत मिळून एक पिशवी नव्हती. गल्लीतल्या कस्तुराबाईच्या बोटांना तर कणीक चिकटलेली होती. मागच्या तिघांकडंही पिशव्या नव्हत्या आणि ते तिघं रस्त्याकडं न बघता पलीकडं मिनीबसला टेकून उभ्या असलेल्या किशनरावाकडं बघत होते. आणि दत्तोपंतांना तर सगळा अड्डा ओळखत होता. घरी टीव्ही मोठ्यानं लावतात म्हणून ते रोज इथं वाऱ्याला बसून पेपर वाचत आणि गाडी भरायला लागली की उठून जात. आज बातमीत रंगल्यानं त्यांचं लक्ष नव्हतं.

सुलाबाईंनी शेजारी बसलेल्या कस्तुराबाईच्या मांडीला हळूच चिमटा काढला. "कोनी बसवलंय तुला?"

"रेणुकानं," कस्तुराबाई ओठांतल्या ओठांत म्हणाली. रेणुका म्हणजे आश्रुबाची बायको. "बचत गटातल्या पाचीजनी आलाव. भाऊंनी मोजलं की उतरून जायचं. दादल्याला सांगू नका म्हनली, त्याला वाईट वाटंल. वरण ठेवून आले मी गॅसवर."

सुलाबाईंनी मान डोलावली. म्हणजे पाच रेणुकाच्या. तीन किशनरावाचे. एक पेपरवाला. आणि दहावी आपण. धंद्यात चार वर्षं काढलेल्या त्या म्हातारीनं असा प्रकार कधी पाहिला नव्हता. गाडी काठोकाठ भरली होती आणि तिच्यात कुणालाच कुठं जायचं नव्हतं. आता आपली जागा द्यायची तर कुणाला?

किशनरावाचा डाव त्यांच्या ध्यानात आला. भाऊ मोजायला आले की हे तिघं उतरणार. गाडी भरलेली बघून खरे प्रवासी तोवर निघून गेलेले. दहाचे सात होणार आणि नऊचा नंबर जाणार. सुलाबाईंनी आश्रुबाकडं पाहिलं. तो नव्या तिकिटांचा वास घेत होता. त्या उठल्या, सरकत सरकत मागं गेल्या आणि मागच्या दारात, पायरीवर पाय सोडून बसल्या.

सिद्धोधनभाऊ खडू घेऊन आले. त्याबरोबर मागच्या तिघांतला सिताराम उठला.

"आजी, जरा उतरू द्या."

"उतर की लेकरा. एवढं गाठोडं धर आदी." गाठोडं सितारामच्या हातात गेलं. "आन तू रं, बापू, तू जरा माजा हात धर. पायाला मुंग्या आल्यात, उठंना गेलंय मला. हळू वढ. म्हातारं हाड हाय, मोडलं तर तुज्या गळ्यात पडंन."

एकाच्या हातात गाठोडं, दुसऱ्याच्या हातात म्हातारी. तिसऱ्यानं उगाच पुढं होऊन दुसरा हात धरला. भाऊंनी खिडकीतून मोजलं. "धा." त्यांनी फळ्यावर बरोबरची खूण केली. "सोड गाडी, आश्रुबा."

आणि आश्रुबानं गाडी सोडली. सुलाबाईंनी दार आपल्या हातानं ओढून घेतलं.

लिंबाचं झाड मागं सरकायला लागलं. चार वर्षं जे झाड खिडकीत खिळल्यासारखं उभं होतं, ते आता चालायला लागलं होतं. सुलाबाईंनी खिडकीची दांडी घट्ट धरली आणि हसू पदरात घेतलं.

"कस्तुरामावशे, आपल्याला उतरायचं हुतं ना," पिंकी नावाची पोरगेलीशी सून कुजबुजली.

"किशनराव हुबा हाय तितं. त्याच्या देखत कशी उतरू? नाक्यावर उतरू."

पण नाका यायच्या आत मागं सितारामचा फोन वाजला. "मालक, म्हातारीनं घोळ केला. नाक्यावर उतरायलाव आमी." पलीकडून किशनरावाचा आवाज सगळ्या गाडीला ऐकू आला. "उतरू नकोस. त्या बाया मला बसवलेल्या दिसायल्यात. कुटं उतरतेत बग आन फोटू काढ. येलदरीपर्यंत गेल्या न्हाईत तर मी भाऊंना दाखवतो."

सितारामनं फोन खिशात घातला आणि गाठोडं मांडीवर घेऊन तो बायांवर नजर ठेवून बसला. बाया बाकाला पाठ लावून ताठ बसल्या. आता नाक्यावर उतरायची सोय उरली नव्हती. बाया उतरेनात म्हणून सिताराम उतरेना. सिताराम बघतोय म्हणून बाया उतरेनात. नाका आला आणि गेला.

आश्रुबाला आरशात सुलाबाई दिसल्या. त्यानं गाडी हळू केली. "मावशी, तुमी कामून ऱ्हायल्या आत? आज काय इसरलं न्हाई का?"

"इसरायचंच इसरलं. चालव तू. आन ती पुस्तकं दे हिकडं, तिकिटं मी फाडते."

सुलाबाईंना अक्षर येत नव्हतं. पण गुलाबी बायांना आणि पांढरी बाप्यांना, एवढं कळायला अक्षर कशाला लागतं? त्यांनी कस्तुराबाईपासून सुरुवात केली.

"आजी, मी तर..." कस्तुराबाईनं मागं सितारामकडं पाहिलं आणि कनवटीचे पैसे काढले. "द्या. येलदरी."

"कशाला जायलीस गं येलदरीला?" सुलाबाईंनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"मासळी आणायला," कस्तुराबाईच्या तोंडून निघून गेलं. तिच्याजवळ पिशवीही नव्हती. बाकीच्या चौघींनाही मग मासळीच आणायची होती.

सितारामची पाळी आली. "आमी मधीच उतरनार हाव, आजी."

"उतर की. मधलं गाव सांग, थांबवते."

सितारामनं बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं होती. एक बुजगावणं सोडलं तर माणूस दिसत नव्हता. त्यानं तीन पांढरी तिकिटं घेतली.

एका वळणावर दत्तोपंतांनी पान उलटलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बाहेर बघून आश्रुबाला शांतपणे विचारलं, "स्टँड कुठं गेलं?"

"मागं ऱ्हायलं, काका. तुमी येलदरीला जायलाव ना?"

दत्तोपंतांनी विचार केला. घरी टीव्ही चालूच असणार. "जायलोय म्हणजे काय, चाललोच आहे," ते म्हणाले आणि हात मागं करून त्यांनी तिकीट घेतलं.

मग कस्तुराबाईचा फोन वाजला. रेणुका होती. "कस्तुराबाई, कुटं हाव तुमी? मी झाडाखाली हुडकायले."

"येलदरीला जायलाव."

"कशाला?"

"ते तुमच्या दादल्याला इचारा. आदी माज्या घरी जा आन वरणाखालचा गॅस बंद करा. सासूनं इचारलं तर सांगा, सूनबाई मासळीला गेली."

येलदरी आली. धरणाचं पाणी असं पसरलं होतं, जसं आभाळानं खाली येऊन अंग टाकावं. दहाही माणसं खाली उतरली आणि क्षणभर नुसती उभी राहिली. सिताराम फोन रोखून तयार होता. बाया माघारी वळल्या की फोटो काढायचा, एवढंच त्याचं काम होतं. पण बाया वळल्या नाहीत. काठावर मासळीवाली बसली होती आणि तिनं भाव सांगितला होता. भाव ऐकल्यावर कस्तुराबाई बसवलेली बाई उरली नाही.

"जिंतूरात याच्या दुप्पट भाव हाय," ती पिंकीच्या कानाशी म्हणाली. मग मासळीवालीकडं वळून तिनं नाक मुरडलं. "लय महाग लावलं, बाई. पाचीजनी घेनार हाव, बग बरं."

पाऊण तास घासाघीस चालली. कस्तुराबाई दोनदा रुसून निघून गेली आणि दोनदा परत आली. सितारामनं आधी फोटो काढले, मग फोन खिशात घातला, मग मध्ये पडून म्हणाला, "मावशी, त्यो मोठा मरळ मला ठिवा." दत्तोपंत पेपर अंथरून पाण्याकडं तोंड करून झोपले.

सुलाबाई एकट्याच काठाला गेल्या. पाण्यात पाय सोडून बसल्या. जात्यावर म्हणायच्या सुरात त्या काहीतरी गुणगुणत होत्या आणि मागं उभ्या असलेल्या आश्रुबाला शब्द ऐकू आले.

"येलदरीची गं वाट, वळणावळणानं जाते,
पाण्याच्या काठाला, निळं लुगडं वाळते.
माणसं धाडीली, वाटंला ह्या दाही दिशा,
आज माज्या पायांनी, पुरी केली माजी आशा."

चार वर्षांत आश्रुबानं त्यांना रोज चहा दिला होता, खारी दिली होती. पण कधी एकदा घेऊन जावं, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो त्यांच्या शेजारी बसला आणि चपला काढून त्यानंही पाय पाण्यात सोडले.

परतीच्या वेळी जीपभोवती सहा-सात माणसं उभी होती. "जिंतूरला जागा हाय का?" आश्रुबानं मोजलं. दहाच्या दहा आपलीच. "न्हाई बगा," तो म्हणाला. आपल्या आवाजातला दिमाख त्यालाच अनोळखी वाटला.

दुपारी बाराला जीप लिंबाखाली आली. किशनराव सिद्धोधनभाऊंना घेऊन उभाच होता.

"भाऊ, ही सगळी बसवलेली मानसं हायत. याच्यात एकबी खरा पाशिंजर न्हाई. नंबर माजा."

भाऊंनी चष्मा पुसला. "तिकिटं दाखवा बरं."

पाच गुलाबी आणि चार पांढरी तिकिटं पुढं आली. सुलाबाईंनीही पदराच्या गाठीतून आपलं गुलाबी तिकीट काढलं. स्वतःचं तिकीट त्यांनी स्वतःच फाडून घेतलं होतं, पैसे गल्ल्यात टाकून.

"धा तिकिटं," भाऊ म्हणाले. "येलदरीला जाऊन आलेली. हातात मासळी हाय. बसवलेली मानसं मासळी घेऊन येत नसतेत, किशनराव."

"मासळीचं काय सांगता," किशनरावाचा तोल गेला. "ही तिघं तर माजीच मानसं हायत. मीच बसवली हुती."

भाऊंनी खडू खाली ठेवला.

"तुमच्या तीन गाड्या सोडून तुमचीच मानसं आश्रुबाच्या गाडीनं गेली?" त्यांनी विचारलं. "का तुमी दुसऱ्याच्या गाडीत मानसं बसवून नंबर पाडायलाव, असं म्हनायचंय? दोन्हीपैकी कोनतं लिहू फळ्यावर?"

किशनरावानं सितारामकडं पाहिलं. सितारामनं मरळाची पिशवी पाठीमागं नेली. "गाडी बरी चालती, मालक," तो म्हणाला. "खड्डा लागत न्हाई."

भाऊंनी नऊच्या पुढं आश्रुबाचं नाव दाबून लिहिलं, खडूचा तुकडा पडेपर्यंत.

सगळी पांगल्यावर रेणुका पुढं आली आणि तिनं खाली मान घालून नवऱ्याला खरं ते सांगितलं. आश्रुबा गाडीच्या पायरीवर मटकन बसला. त्यानं सुलाबाईंना विचारलं, "म्हंजी मावशी, एकबी खरा नव्हता?"

"जाताना नव्हता," सुलाबाई म्हणाल्या. "येताना धाच्या धा खरे हुते. घरी जायचं हुतं सगळ्यायला."

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच कस्तुराबाई चौघींना घेऊन आली. प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामं टोपलं होतं. आदल्या दिवशीची मासळी गल्लीतच दुप्पट भावानं खपली होती आणि बचत गटानं रोज मासळी आणून विकायचा ठराव केला होता. त्यांच्यामागून एक शिक्षक आला, मग धरणावरचे तीन कामगार, मग सिताराम, स्वतःच्या पैशांनी. नऊला दहा मिनिटं कमी असताना गाडी भरली. सुलाबाई त्यात नव्हत्या.

आश्रुबानं झाडाभोवती पाहिलं. त्या पलीकडं किशनरावाच्या मिनीबसपाशी उभ्या होत्या. किशनराव त्यांच्यापुढं चक्क हात जोडून बोलत होता.

"आजी, आमच्या गाडीत बसा. पडदे हायत, पंखा हाय. दोन टाइम च्या, वर नाष्टा. फकत बसायचं."

"त्येच तर जमना गेलंय आता," सुलाबाई म्हणाल्या. "एकदा गाडी हलली की मग नुसतं बसवत न्हाई, लेकरा."

त्यांनी गाठोडं काखेला मारलं आणि त्या चालत चालत स्टँडात गेल्या. तिथं परभणीची लाल गाडी उभी होती. कंडक्टरनं त्यांचं आधारकार्ड पाहिलं, मशीन दाबली आणि शून्य रुपयांचं तिकीट त्यांच्या हातात दिलं. पंचाहत्तरीच्या पुढं पैसे पडत नाहीत, हे सुलाबाईंना त्या सकाळीच सिद्धोधनभाऊंनी सांगितलं होतं. त्यांनी तिकीट उलटसुलट पाहिलं, पदरात बांधलं आणि खिडकीशी बसून रस्त्याकडं नजर लावली.

किशनरावाची मिनीबस त्या दिवशी परभणीलाच जाणार होती. पडद्याआडून सहा माणसांनी सुलाबाईंना लाल गाडीत बसलेलं पाहिलं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग एकानं पिशवी उचलली आणि त्याच्या मागून बाकीचे पाचही खाली उतरून लाल गाडीकडं पळत सुटले.